ठेकेदार नोंदणीची फाईल अडते ती कामाच्या दाखल्यापाशी

माझ्या पाहण्यात बांधकाम खात्यातल्या नोंदणीची फाईल रकमेच्या तफावतीवर अडते. पूर्ण केलेल्या कामाच्या पंचायत समितीच्या दाखल्यात ११.८० लाख, २६एएसमध्ये (आयकर खात्याकडचा, तुमच्या पॅनवर कापलेल्या कराचा उतारा) मात्र १० लाख. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असला की टीडीएस (बिल देतानाच कापला जाणारा आयकर) मूळ रकमेवरच कापतात, एकट्या मालकाला १ टक्का, भागीदारीला २. वरचे १.८० लाख म्हणजे १८ टक्के जीएसटी. म्हणून उपअभियंत्याकडून दाखला नव्यानं घ्या. कार्यादेश क्रमांक, एमबीचं (कामाच्या मोजमाप पुस्तिकेचं) पान, मूळ रक्कम आणि जीएसटी वेगवेगळे लिहून हवेत.

ग्रामपंचायतीच्या कामाची २६एएसमध्ये नोंदच नसेल तर बहुधा ग्रामपंचायतीनं टीडीएसचं तिमाही विवरण भरलेलं नसतं किंवा पॅन चुकलेला असतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) मागं लागून ते दुरुस्त करवाच, तुमच्याच बिलातून कापलेले पैसे आहेत ते.