शिकारी रक्ताचा कुत्रा दत्तक घेतलाय? मग या चुका टाळा

फोन बहुतेक सोमवारी येतो. शनिवारी कुत्रा घरी नेलेला असतो, रविवारी सगळ्या नातेवाइकांना दाखवून झालेला असतो आणि सोमवारी सकाळी कुणीतरी रडवेल्या आवाजात विचारतं, "ताई, हा गुरगुरायला लागलाय. परत घ्याल का?"

दादरच्या माझ्या घरात गेली बारा वर्षं मी टाकून दिलेले कुत्रे सांभाळते आणि त्यांना कायमची घरं शोधते. त्यांत उंच पायांचे, निमुळत्या तोंडाचे, बरगड्या मोजता येतील असे बरेच असतात. इंग्लंडात ग्रेहाउंड किंवा व्हिपेट या वेगवान जाती आणि कोली किंवा टेरियर यांच्या संकरातून झालेल्या शिकारी कुत्र्याला लर्चर म्हणतात. आपल्याकडे तो शब्द कुणाच्या तोंडी नाही, पण लातूर-सोलापूरकडचा कारवानी हा शिकारी कुत्रा आणि गावठी यांची मिश्र पिल्लं त्याच घडणीची असतात. वासापेक्षा नजरेवर चालणारी, सशामागे सुटण्यासाठी घडलेली. वन्यजीवांच्या शिकारीवर १९७२च्या कायद्याने बंदी आली, पण या कुत्र्यांच्या पायांना ते कोण सांगणार? असा कुत्रा मुंबईतल्या सहाव्या मजल्यावर येतो तेव्हा चुका करायला फार थोडी जागा असते. तरी त्याच त्या चुका होतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

"किती शांत आहे हो!"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. नव्या घरात पहिले तीन-चार दिवस कोपऱ्यात पडून राहणारा, कुणीही हात लावला तरी हूं की चूं न करणारा कुत्रा शांत नसतो, गोठलेला असतो. पळायला वाट नाही हे कळल्यावर जनावर स्वतःला मिटून घेतं. ओठांवरून पुन्हा पुन्हा जीभ फिरवणं, झोप नसताना जांभया, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत बघणं, पोटाखाली गेलेली शेपटी ही त्याची भाषा आहे. ती न वाचता आपण त्याला "गुणी बाळ" म्हणून मोकळे होतो.

गोरेगावच्या एका कुटुंबाला मी एक तांबूस कारवानी मिश्र नर दिला होता. माणसं चांगली होती, आजही माझ्या संपर्कात आहेत. पहिले तीन दिवस इतके "शांत" गेले की रविवारी संध्याकाळी त्यांनी त्याला जुहू चौपाटीवर नेलं. रविवारची जुहू डोळ्यांसमोर आणा. भेळवाल्यांची गर्दी, दिव्याची खेळणी, फुगे, शेकडो पाय. तो वाळूत खिळून उभा राहिला. त्यांना वाटलं, समुद्र बघतोय. घरी आले तर शेजारची चार मुलं त्याला बघायला आलेली. त्यातल्या एकीने प्रेमाने गळ्यात हात टाकले आणि त्याने तिच्या गालाजवळ दात लावला. कातडी फाटली नाही, पण ओरखडा उठला. ओरखडा असला तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे न्यावंच लागतं. तेवढं शहाणपण त्यांनी दाखवलं. कुत्रा मात्र त्याच रात्री माझ्या दारात परत आला.

त्याने तीन दिवस सांगितलं होतं. शेवटी दातांनी सांगितलं, तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं.

कुत्री दत्तक देणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो. तीन दिवस भेदरलेपण जायला, तीन आठवडे घराची शिस्त कळायला, तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटायला. मी यातला एकही दिवस कमी करत नाही, भित्र्या कुत्र्याला दुप्पट देते. माझ्याकडे पहिले तीन दिवस पाहुणा येत नाही, अंघोळ नाही, फोटो नाही. एक खोली, भिंत आणि कपाट यांच्यामधला एक कोपरा आणि तिथे दोन गोधड्या, कारण या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि नुसत्या लादीवर त्यांची कोपरं सोलवटतात. मी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसते, पेपर वाचते. मधूनच उकडलेल्या चिकनचा तुकडा न बघता मागे टाकते. हात पुढे करत नाही. तो आपण होऊन माझा खांदा हुंगेपर्यंत त्याच्या डोक्यावरून हात फिरत नाही. कधी दुसऱ्या दिवशी हुंगतो, कधी अकराव्या. लोकांना हे आळशीपणाचं वाटतं. "पण ट्रेनिंग कधी सुरू करायचं?" अहो, हेच ट्रेनिंग.

आणखी एक. चौथ्या-पाचव्या दिवशीही तो पडूनच असेल, खात नसेल, हिरड्या फिक्या दिसत असतील तर ते भेदरलेपणही नसेल. मुंबईत गोचिडांमुळे होणारा ताप घराघरांतल्या कुत्र्यांना होतो. रक्ततपासणी करून घ्या. पावसाळा तोंडावर असेल तर लेप्टोच्या, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या लसीबद्दलही त्याच फेरीत विचारा.

पट्टा हातात, कुत्रा रस्त्यावर

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, आणि तिची आठवण आजही बोचते.

सावळी सोलापूरकडच्या एका शेतावरून आली होती. तिसऱ्या संध्याकाळी तिला हिंदू कॉलनीच्या गल्लीत फिरवायला नेलं. गळ्यात नेहमीचा बकलचा पट्टा, दोन बोटं जातील इतका घट्ट, पुस्तकात सांगतात तसा. मागून एक बुलेट आली आणि पोराने सायलेन्सरचा फटाका वाजवला. सावळी पुढे पळाली नाही. ती मागे रेटली, मान खाली घातली आणि एका क्षणात रिकामा पट्टा माझ्या हातात लोंबत होता. या कुत्र्यांचं डोकं मानेइतकंच, कधी मानेपेक्षाही अरुंद असतं. लॅब्रॅडोरचा पट्टा कानांशी अडतो, यांचा सुळकन निघतो. मला हे ऐकून माहीत होतं. तरी मी तो पट्टा घातला, कारण घरात तोच होता.

त्यानंतर मी आणखी मोठी चूक केली. तिच्या नावाने ओरडत मागे धावले. जिला तिचं नाव कळून तीन दिवस झाले होते, तिला त्या हाकेत फक्त पाठलाग ऐकू आला. ऐन गर्दीच्या वेळी तिने आंबेडकर मार्ग ओलांडला. ती वाचली हे नशीब.

एकतीस तास. पहिल्या रात्री आम्ही पाच-सहा जण टॉर्च घेऊन पारशी कॉलनी पालथी घालत होतो आणि ती आमच्यापासून लांब लांब जात होती. दुसऱ्या रात्री एकच्या सुमाराला फाइव्ह गार्डन्सच्या कुत्र्यांना जेवण घालणाऱ्या एका काकूंचा फोन आला. उभ्या असलेल्या एका शाळेच्या बसखाली ती होती. या वेळी मी एकटी गेले. बसपासून वीस पावलांवर पाठ करून फुटपाथवर बसले, शेजारी उकडलेल्या कलेजीचा डबा उघडा ठेवला. चाळीस मिनिटं मान वळवली नाही. मग मागे खसखस झाली, कलेजी संपली आणि तिची हनुवटी माझ्या मांडीला टेकली. तळव्यांची कातडी सोलली होती. ती पुढे नऊ वर्षं माझ्याजवळ राहिली. बुलेटच्या आवाजाला शेवटपर्यंत थरथरायची.

तेव्हापासून माझ्या घरातून असा कुत्रा दोन बंधनांशिवाय उंबरा ओलांडत नाही. कानांमागे उंच बसणारा रुंद मार्टिंगेल पट्टा, जो ओढला की आवळतो पण ठरलेल्या मापापुढे आवळत नाही, आणि छातीमागे, बरगड्यांखालीही एक पट्टी असलेला हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज. दोन्हींना वेगळी दोरी, एक हातात, एक माझ्या कमरेला. बटण दाबून लांब होणारी दोरी कृपा करून घेऊ नका. तिचं प्लॅस्टिकचं हँडल हातातून सुटलं की खडखडत कुत्र्याच्या मागे लागतं आणि तो त्यालाच घाबरून धावत सुटतो.

"पण आता तो मला सोडून कुठेच जात नाही," असं सहाव्या आठवड्यात सांगणारे भेटतात, आणि पहाटे शिवाजी पार्कवर दोरी सोडतात. ग्रेहाउंड ताशी सुमारे ७० किलोमीटरचा वेग काही ढांगांत गाठतो. मिश्र कुत्रा थोडा कमी, पण तुमच्या हाकेपेक्षा जोरातच. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मांजर दिसलं की त्याचे कान बंद होतात. त्यात तुमच्या प्रेमाचा अपमान नाही, त्याचं रक्तच तसं आहे. त्याला धावू द्यायचं असेल तर सोसायटीकडे जाळीबंद बॅडमिंटन कोर्ट सकाळी अर्धा तास मागा. लांब दोरी वापरलीत तर ती हार्नेसलाच अडकवा. पूर्ण वेगात गळ्याला हिसका बसला तर मान कायमची दुखावते.

बाकीच्या चुका थोडक्यात

"सिट" शिकवायचा हट्ट धरू नका. लांब मांड्या आणि मांसल पुठ्ठे यांमुळे यातल्या पुष्कळांना तसं बसणं अवघड जातं. नुसतं थांबणं किंवा आडवं होणं शिकवा.

झोपलेल्याला हात लावून उठवू नका, लांबून नावाने उठवा. काही जण उघड्या डोळ्यांनी झोपतात आणि दचकून चावा घेतात.

गुरगुरल्याबद्दल रागवू नका. गुरगुरणं बंद केलंत तर पुढची सूचना थेट दाताची असेल.

नसबंदीच्या आधी डॉक्टरांना कुत्रा कारवानी रक्ताचा आहे हे मुद्दाम सांगा. भुलीची काही औषधं या कृश अंगाला जास्त वेळ बाधतात.

छाती खोल असते, म्हणून जेवणानंतर तासभर तरी धावपळ नको. पोटाला पीळ पडला तर जिवावर बेततं.

लिफ्टमध्ये त्याला कोपऱ्यात घ्या आणि तुम्ही मध्ये उभे राहा. सोसायटी लिफ्ट नाकारत असेल तर भांडू नका, भारतीय प्राणी कल्याण मंडळाची २०१५ची मार्गदर्शक तत्त्वं छापून सेक्रेटरींच्या हातात द्या.

आठवडाभर रजा घेऊन दिवसरात्र त्याला चिकटून राहायचं आणि आठव्या दिवशी दहा तास ऑफिसला जायचं, हा तर अन्याय आहे. पहिल्या आठवड्यातच किल्ली उचला, दाराबाहेर एक मिनिट उभे राहा, परत या. मग तीन मिनिटं, मग दहा.

"पंधरा दिवसांत ट्रेन करून देतो" म्हणत चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घेऊन येणारा माणूस मी दारातून परत पाठवते. हिसक्याने कुत्रा ऐकतो हे खरं आहे. माणसाचा हात जवळ आला की दुखतं, हेही तो त्याच पंधरा दिवसांत शिकतो, आणि ते विसरायला लावताना माझं वर्ष जातं.

आणि गणपतीच्या दहा दिवसांत, तसंच दिवाळीच्या आठवड्यात मी कुत्रा कुणालाही देत नाही. घरात सगळे आहेत, सुट्टी आहे, मुलांना आनंद होईल, ही सगळी कारणं मी ऐकली आहेत. ढोल-ताशे आणि फटाके खिडकीखाली वाजत असताना नवं घर आपलं वाटायला लागावं, अशी अपेक्षा मी कुठल्याही जनावराकडून करणार नाही. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा गेला की फोन करा.