‘नासोरी’ म्हणजे नक्की कुठला? असं तपासा

बायबलच्या नव्या करारात येशूला लावलेला ‘नासोरी’ हा शब्द समजून घ्यायचा असेल तर आधी शब्दकोश उघडू नका. मी अभ्यासवर्गात सगळ्यांच्या हाती दोन रंगांच्या पेन्सिली देते. कारण मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत: नाझारेनोस (6 वेळा) आणि नाझोरायोस (13 वेळा). दोन रंगांत खुणा करत गेलात की दिसतं, येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांपैकी मार्ककडे फक्त पहिला. मत्तय, योहान आणि प्रेषितांची कृत्ये यांत फक्त दुसरा. लूककडे दोन्ही.

मग एकच प्रसंग दोघांकडे वाचा. यरीहो गावाजवळच्या आंधळ्याला येशू चाललाय असं कळतं, तिथे मार्क (10:47) नाझारेनोस लिहितो, लूक (18:37) नाझोरायोस. म्हणजे लूकच्या लेखी दोन्ही सारखेच, म्हणजे नासरेथ या येशूच्या गावचा.

आता शब्दाचं शेपूट बघा. ‘-एनोस’ हे आपल्या ‘-कर’सारखं, सरळ गावाचं. ‘-आयोस’ मात्र दोन्हीकडे चालतं: गालिलायोस म्हणजे गालीलचा, पण फारिसायोस म्हणजे परूशी या यहुदी पंथाचा. कृत्ये 24:5 मध्ये वकील तर्तुल्ल सुभेदार फेलिक्ससमोर येशूचा प्रचारक पौल याच्यावर ‘नाझोरायोसांच्या पंथाचा’ पुढारी असल्याचा आरोप करतो. पौल तर तार्सचा! इथे गाव बाजूला पडून पंथच उरला.

सगळ्यात जास्त वेळ मत्तय 2:23 ला द्या. ‘त्याला नासोरी म्हणतील’ हे संदेष्ट्यांचं वचन म्हणून येतं, पण जुन्या करारात असं वाक्यच नाही. घाईने एखादं वचन चिकटवू नका. मत्तय ‘संदेष्ट्यांच्या द्वारे’ असं अनेकवचनी म्हणतो, हेही ध्यानात ठेवा. दोन वाटा पुढे येतात. यशया 11:1 मधला ‘नेत्सेर’, म्हणजे इशायाच्या मुळांतून फुटणारा अंकुर. किंवा शास्ते 13:5 मधला ‘नाजीर’, शमशोनासारखा व्रतस्थ. नाजीराला द्राक्षारस वर्ज्य, आणि येशूला तर लोक दारुडा म्हणत (मत्तय 11:19). म्हणून माझा कौल नेत्सेरला.

शेवटी इब्री अक्षरं ताडून पाहा. कैसरियाला 1962 साली सापडलेल्या शिलालेखात नासरेथ ‘त्सादे’ने लिहिलंय, नेत्सेरमध्येही त्सादेच, नाजीरमध्ये ‘झायिन’. मात्र ग्रीकमध्ये त्सादेचा सहसा ‘स’ होतो, झायिनचा ‘झ’, आणि इथे ‘झ’ आहे, तेव्हा नाजीरवाल्यांना अगदीच मोडीत काढता येत नाही.