चिप्सच्या जुन्या व्हेंडिंग मशीनमधून क्रिप्टो गिफ्ट कार्ड विकायचंय?

आधी कागदपत्रं बघा मग मशीन, कारण ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टोचा धंदा मनी लाँडरिंगच्या कायद्यात आलाय, म्हणजे एफआययूकडे (संशयास्पद पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी आणि गिऱ्हाईकाचं केवायसी आलंच, नोट टाकली की कार्ड बाहेर असलं काय चालत नाही. १ टक्का टीडीएस आणि नफ्यावर ३० टक्के टॅक्स, हे सीएला विचारूनच ठरवा.

आता मशीन. स्प्रिंगवालं घ्या पण कार्ड पातळ असतंय, नुसतं ठेवलं तर आडवं होऊन अडकतंय नायतर दोन एकदम पडतात, म्हणून पुठ्ठ्याच्या डबीत घाला, जाडी स्प्रिंगच्या दोन वेढ्यांतल्या गॅपपेक्षा जरा कमी. डबीत चालू कोड, म्हणजे टाकला की लगेच क्रिप्टो मिळतंय असा, ठेवू नका हां! फक्त नंबर ठेवा, तो केवायसी आणि पेमेंट झाल्यावरच सर्व्हरवरून ॲक्टिव्ह करायचा, मग कुणी काच फोडली तरी हातात पुठ्ठाच. पेमेंटला दर वेळी नवा यूपीआय क्यूआर दाखवा, चिकटवलेल्यावर कोणी पण आपला चिकटवतंय. कार्डावर रुपये छापा, बिटकॉइन नको, भाव तासाला हलतोय.

आणि सांगलीत असाल तर तळमजला टाळा, २०१९ला कृष्णेचं पाणी कुठवर आलतं आठवतंय ना.