खडपात गरवताना नांगर सहज वर कसा घ्यावा

वीस-बावीस फुटी फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, खाली आठ वाव, म्हणजे साधारण पंधरा मीटर पाणी आणि तळाला खडप, म्हणजे खडकाळ जमीन. गरवताना, म्हणजे गळाने मासे पकडताना, तांबोशी, गोबरा हे मासे अशाच जागी लागतात, आणि नांगरही अशाच जागी अडकतो. सकाळपासून तीन-चार वेळा जागा बदलली की प्रत्येक वेळी दहा-बारा किलो लोखंड पंधरा मीटरवरून हाताने ओढावं लागतं. कंबर जाते ती इथे. खरं तर निम्मं काम होडीकडून आणि पाण्याकडून करून घेता येतं.

सुरुवात दोरापासून. ताकदीच्या हिशोबाने अशा होडीला 8 मिमी नायलॉन पुरतो, पण ओला 8 मिमी दोर हातात कापतो आणि पकड बसत नाही. 12 ते 14 मिमी घ्या. नायलॉन पाण्यात बुडतो, स्वस्तातला पॉलीप्रोपिलीन तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात सापडतो, म्हणून नांगराला नायलॉनच. नांगर आणि दोर यांच्यामध्ये 8 मिमी साखळी चार मीटर. तिचं वजन मीटरला साधारण 1.4 किलो, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. साखळीमुळे नांगर आडवा राहून पकडतो, शिवाय खडकावर दोर घासत नाही. शांत पाण्यात खोलीच्या तिप्पट दोर सोडला तरी गरवताना चालतं, वारा असेल तर पाचपट. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, एक रोलर बसवून घ्या, दोर काठावर घासत ओढण्यातच बरीच ताकद वाया जाते.

आता ओढणं. नांगर लांबून, तिरपा ओढू नये. एकाने इंजिन अगदी हळू पुढे घ्यावं, दुसऱ्याने नाळेवरून सैल पडणारा दोर गोळा करत जावा. दोर सरळ खाली उभा झाला की इंजिन न्यूट्रलला टाका आणि नाळेच्या खुंट्याला दोराचे दोन फेरे घ्या. गाठ मारू नका, टोक हातात ठेवा. लाटेने नाळ वर गेली की होडीच नांगराला हिसका देते, खाली आली की सैल झालेला दोर खेचून घ्यायचा. पाच-सहा लाटांत बहुतेक नांगर सुटतात. नाळ जास्तच खाली दबू लागली तर फेरे लगेच सैल करता आले पाहिजेत, गाठ नको ती म्हणूनच.

खाडीतल्या चिखलात हिसके देऊन फारसा उपयोग नाही. तिथे नांगर चोखून धरलेला असतो, त्याच्याखाली पाणी शिरायला वेळ लागतो. दोर ताठ करून खुंट्याला धरा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं थांबा. हळूहळू सुटतो.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही: अडकलेला नांगर होडीच्या मागच्या बाजूने ओढणं. तिथे इंजिनाचं वजन आधीच असतं, काठ पाण्याजवळ असतो. दोर ताठ असताना एक मोठी लाट आली की पाणी आत येतं आणि दुसऱ्या लाटेआधी सावरायला वेळच मिळत नाही. दोर कायम नाळेलाच.

बोया आणि कडीची पद्धत

खोली जास्त असेल, माणसं कमी असतील, तर सगळ्यात कमी कष्टाची पद्धत हीच. लागतो एक मोठा बोया (पाण्यावर तरंगणारा फुगा) आणि त्याला बांधलेली स्टेनलेस स्टीलची कडी, आतून दहा सेंटिमीटरची, साखळी आणि शॅकल (पिन लावून बंद होणारी जोडकडी) मोकळे जातील अशी. कडीऐवजी मोठं शॅकल वापरलं तर दोर न सोडता मधूनच अडकवता येतं, पण त्याची पिन तारेने बांधा, नाहीतर दोराच्या घासण्याने ती उलटी फिरून निघते.

बोया केवढा? सहा किलोचा नांगर आणि साडेपाच किलो साखळी मिळून साडेअकरा किलो, पाण्यात त्याचं वजन दहा किलोच्या आसपास भरतं. वीस लिटरचा रिकामा कॅन हिशोबात पुरेसा वाटतो, पण नांगर सुटताना बोया जोराने पाण्याखाली खेचला जातो आणि कॅन चेमटतो. 40 सेंटिमीटर व्यासाचा हवेचा बोया सुमारे 33 लिटर पाणी बाजूला सारतो, तो घ्या.

दोर नाळेला बांधलेलाच ठेवा. कडी दोरात अडकवून बोया पाण्यात सोडा आणि होडी प्रवाहाविरुद्ध, नांगराच्या थोडी बाजूने पुढे न्या. वेग भराभर चालणाऱ्या माणसाइतका. होडी पुढे जाते, दोर कडीतून सरकत राहतो, बोया मागे नांगराच्या डोक्यावर जातो. दोर ताठ झाला की बोया पाण्याखाली ओढला जातो, मग एकदम उसळून वर येतो. नांगर सुटला. इथे थांबायचा मोह होतो, थांबू नका. नांगर अजून मधल्या पाण्यात आहे, होडी थांबली तर तो परत तळाला जाईल. जेवढा दोर सोडला होता साधारण तेवढं अंतर नांगराच्या जागेपुढे जा. तोवर नांगर कडीपर्यंत येतो, साखळी कडीच्या पलीकडे लोंबते आणि तिच्या वजनाने नांगर तिथेच अडकून राहतो. साखळी आखूड असेल तर इथेच फसगत होते. मग इंजिन बंद करून पाण्यात पसरलेला दोर आरामात गोळा करायचा.

सगळा धोका पंख्याचा. दोर नाळेपासून निघून होडीच्या कडेने मागे जातो. तो सुकाणूवाल्याच्या नजरेसमोरच्या बाजूला ठेवा आणि होडीपासून 30-40 अंशांनी लांब राहील असं चालवा. दोर डावीकडे असताना उजवीकडे जोरात वळलात तर होडीचा मागचा भाग डावीकडे, थेट दोरावर जातो. एकाने फक्त दोरावर नजर ठेवावी, सुरी हाताशी असावी. आजूबाजूला कुणाची जाळी असतील किंवा समुद्र खवळला असेल, तर ही पद्धत नको.

अडकणारच असेल तर

खडपात सुटण्याची सोय आधीच करून ठेवतात. साखळी नांगराच्या वरच्या कडीला न जोडता खालच्या टोकाला, फाळ (तळात रुतणारे आकडे) फुटतात तिथे शॅकलने जोडा. मग ती दांड्यालगत वर आणून वरच्या कडीला केबल टायने (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्टीने) बांधा. 4.8 मिमी रुंदीचा टाय साधारण 22 किलोपर्यंत ताण सोसतो, दोन टायने सुरुवात करा. नांगर अडकला की उभ्या दोराला जोर दिल्यावर टाय तुटतात आणि नांगर उलटा, फाळांच्या बाजूने निघतो. उन्हाने टाय ठिसूळ होतात, दर खेपेला नवे घाला. रात्री मुक्कामाला किंवा होडी सोडून जाताना मात्र ही जोडणी नको, वाऱ्याच्या एका झोताने टाय तुटून होडी वाहून जाईल.

चार फाळांचा नांगर वेल्डरकडून करून घेत असाल तर फाळ साध्या गोल, मऊ लोखंडाच्या सळईचे करा, 8 ते 10 मिमी. अडकल्यावर ते सरळ होऊन सुटतात, नंतर पाइप घालून पुन्हा वाकवता येतात. बांधकामाची टीएमटी सळई घेऊ नका, ती सहज सरळ होत नाही आणि सारखी वाकवली की तुटते.

काही जण नांगराच्या खालच्या टोकाला वेगळा बारीक दोर आणि छोटा बोया बांधतात. चांगली युक्ती, फक्त दोराची लांबी भरतीच्या पाण्याला धरून ठेवा. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मा. ओहोटीला मापून बांधलेला बोया भरतीला दिसतच नाही.

मालवणजवळ प्रवाळ आहे, तो भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर नांगर टाकूच नये, शेजारची वाळू शोधावी.

एवढं करूनही सुटला नाही तर जोर करत बसू नका. ज्या दिशेने नांगर टाकला त्याच्या बरोबर उलट बाजूला जाऊन एकदा ओढून पाहा. तरी नाही, तर दोराच्या टोकाला कॅन बांधून सोडून द्या आणि जागा जीपीएसवर नोंदवून ठेवा. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ थबकतं, तेव्हा परत या. प्रवाहाचा ताण गेलेला असतो, बऱ्याचदा तो हाताने निघतो.