नीट रिपीट केल्यानंतरची पसंतीयादी : या चुका टाळा

2025 च्या नीटचा निकाल लागला त्या रात्री माझ्या बहिणीच्या घरी कुणी धड जेवलं नाही. भाचीला 2024 ला 590 गुण होते आणि सरकारी एमबीबीएस हुकलं होतं. मग वर्षभर लातुरात खोली घेऊन राहिली, पुन्हा परीक्षा दिली आणि गुण आले 515. पंच्याहत्तर गुणांनी खाली. मेहुण्यांनी दुसऱ्याच दिवशी आयुर्वेद महाविद्यालयांची चौकशी सुरू केली. दोन दिवसांनी मी निकालपत्र हातात घेतलं आणि गुण सोडून क्रमांक बघितला. तिचा अखिल भारतीय क्रमांक जवळजवळ निम्म्यावर आला होता. पोरगी हजारोंच्या पुढे गेली होती आणि घरात सुतक पाळत होते.

तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या रिपीटर (पुन्हा नीट दिलेल्या) मुलांच्या पसंतीयाद्या, म्हणजे प्रवेशासाठी हवी ती महाविद्यालयं क्रमानं लिहायच्या याद्या, भरताना मी शेजारी बसतो. बहुतेकांची यादी या वर्षाच्या निकालावर नसतेच, ती गेल्या वर्षीच्या दुखण्यावर बेतलेली असते. गेल्या वर्षीचे गुण, गेल्या वर्षी हुकलेलं कॉलेज, गेल्या वर्षीचा कटऑफ आणि गेल्याच वर्षीचे दाखले.

गुणांवरून यादी करणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच. 2024 च्या सुधारित निकालात 17 जणांना 720 पैकी 720 होते. 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686 होते. खुल्या गटासाठी पात्रतेची किमान रेषा 162 वरून 144 वर आली. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच गुण पडतात. अशा वर्षी मागच्या सालचा 'इतके गुण तर अमुक कॉलेज' हा तक्ता कामाचा राहत नाही. उलटही होतं. सोप्या पेपरला तीस-चाळीस गुण वाढले म्हणून पोरं सुटकेचा श्वास टाकतात आणि क्रमांक मात्र तिथल्या तिथेच असतो.

म्हणून तुलना करा ती अखिल भारतीय क्रमांकाची. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या निवड याद्यांत प्रत्येक प्रवेशापुढे क्रमांक दिलेला असतो. एखाद्या महाविद्यालयात तुमच्या प्रवर्गातून शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली ते बघा, तेही एका वर्षाचं बघून थांबू नका, दोन-तीन वर्षांचं बघा.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे फेरी, कारण जागावाटप एकामागून एक फेऱ्यांत होतं. तिसऱ्या फेरीचा शेवटचा क्रमांक पाहून पहिल्या फेरीत आशा लावायची आणि जागा आली नाही की खचायचं, हे अगदी नेहमीचं. दुसरं म्हणजे जागेचा प्रकार. यादीत तळाशी दिसणारा क्रमांक कधी कधी समांतर आरक्षणाचा असतो, म्हणजे महिलांची, डोंगरी भागाची, माजी सैनिकांच्या पाल्यांची किंवा दिव्यांगांची जागा. तो क्रमांक सर्वसाधारण जागेचा समजून बसलात तर अख्खी यादी वाकडी जाते. शेजारच्या रकान्यातली आद्याक्षरं बोट ठेवून वाचा.

वरून छाटणं

एकदा हात पोळलेला असतो. त्यामुळे रिपीटर मुलं 'या वेळी वास्तववादी राहू' म्हणत यादीच्या वरच्या टोकाला कात्री लावतात. केईएमचं जीएस, जेजेचं ग्रँट, सायन, नायर, पुण्याचं बीजे, 'ही आपल्याला कुठली मिळायला' म्हणून लिहीतच नाहीत.

यात फायदा काहीच नाही. जागावाटप गुणवत्ताक्रमानं होतं. तुमचा नंबर आला की संगणक तुमची यादी वरून खाली वाचत जातो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. पहिल्या पाच पसंती मिळण्यासारख्या नव्हत्या म्हणून सहाव्या पसंतीवरचा तुमचा हक्क कुणी काढून घेत नाही, तुमच्या मागच्या क्रमांकाचा मुलगा मध्ये घुसत नाही. क्रम लावताना फक्त एक प्रश्न विचारायचा : या दोन्हींत जागा समोर आली, तर मी कुठे जाईन? मिळण्याची शक्यता क्रमात मिसळू नका. काही मुलं 'हे नक्की मिळेल' म्हणून एखादं महाविद्यालय वर घेतात आणि मग तेच मिळतं.

वास्तव बघायचं ते यादीच्या तळाशी.

तळ कुठे आखायचा

भाचीच्या यादीवरून आमचं घरात भांडण झालं ते इथेच. मेहुण्यांनी बारा महाविद्यालयं लिहिली होती, सगळी मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातली. 'विदर्भात आपल्याला कोण विचारतंय, तिथे त्यांच्याच मुलांना जागा' असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डोक्यात मोठ्या पुतण्याच्या वेळचं गणित होतं. तेव्हा सत्तर-तीसचं प्रादेशिक आरक्षण होतं, म्हणजे सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. ते सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झालं. आता लातूरच्या मुलीला गोंदिया किंवा चंद्रपूरची जागा तिथल्या मुलीइतकीच मोकळी आहे, आणि लातूरची जागा तिथल्या मुलीला.

शिवाय 2024 मध्ये राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. दोन-तीन वर्षांपूर्वीचा तक्ता घेऊन बसलेल्यांच्या यादीत यातली नावंच नसतात. नव्या ठिकाणी अडचणी असतात, ते लपवायचं कारण नाही. वसतिगृह अपुरं असेल, काही विभागांत शिक्षक कमी असतील. पण जिल्हा रुग्णालयाची ओपीडी भरलेली असते आणि रुग्ण बघूनच डॉक्टर घडतो. सरकारी नवं आणि खासगी जुनं यांत निवड असेल, आणि घरचं उत्पन्न नोकरीचं किंवा शेतीचं असेल, तर माझं मत सरकारीच्या बाजूनं आहे. भाचीची यादी शेवटी बाराची चाळीसवर गेली. तिला जागा मिळाली चौतिसाव्या पसंतीवर, विदर्भातल्या एका नव्या महाविद्यालयात.

यादी लांबवायची ती मात्र जिथे खरोखर जाणार तिथपर्यंतच. खासगी महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. ती लिहून काढा, साडेचार वर्षांनी गुणा, त्यात वसतिगृह आणि मेस धरा, आणि मग आई-वडिलांसमोर ठेवा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा समाजासाठीचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. मुलीच्या यादीत खासगी महाविद्यालयं घालायची की नाहीत, हे या एका गोष्टीनं बदलू शकतं.

तळ आखताना अजून एक बोलणं घरात व्हायलाच हवं : यातलं काहीच आलं नाही, तर पुन्हा एक वर्ष द्यायचं का? नीटला वयाची वरची अट नाही, प्रयत्नांची मर्यादाही नाही, त्यामुळे हा निर्णय नियम घेऊन देत नाही. उत्तर 'नाही' असेल, तर बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांची यादीही तितक्याच मनानं करा. आयुष अभ्यासक्रमांचा पसंतीक्रम वेगळा भरावा लागतो आणि एमबीबीएसच्या फेऱ्यांकडे डोळे लावून बसलेली मुलं त्याची तारीख हमखास विसरतात.

जुने दाखले

'मागच्या वर्षी सगळे कागद काढलेत' हे रिपीटरच्या घरातलं सर्वात घातक वाक्य. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते, आणि प्रवेश ज्या शैक्षणिक वर्षात आहे त्या वर्षाच्या शेवटचा 31 मार्च त्यात यायला हवा. 2025-26 च्या प्रवेशाला 31 मार्च 2026 पर्यंत वैध दाखला लागत होता. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू वर्षाचाच लागतो. दाखला नसेल तर दावा खुल्या गटात जातो आणि प्रवर्गाचा क्रमांक धरून केलेली यादी कोसळते.

ऑल इंडिया कोट्याचे, म्हणजे देशपातळीवर भरल्या जाणाऱ्या जागांचे, दाखल्यांचे नमुने वेगळे असतात. तिथे ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले केंद्राच्या नमुन्यात लागतात. एसईबीसी हा प्रवर्ग फक्त राज्याचा. मराठा मुलगा तिथे खुल्या गटात धरला जातो, पण उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असेल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस घेऊ शकतो. हे नीटचा अर्ज भरतानाच ठरवावं लागतं.

गेल्या वर्षी कुठे प्रवेश घेऊन ठेवला असेल, तर मूळ कागद त्या महाविद्यालयात असतात. ते परत मिळण्याच्या अटी, भरावी लागणारी रक्कम आणि लागणारे दिवस यांची विचारणा निकालाआधी लेखी करा. फेरी सुरू झाल्यावर दोन दिवसांत टीसी मिळवण्यासाठी धावणारे बाप मी पाहिलेत.

दोन प्रक्रिया, दोन याद्या

सरकारी महाविद्यालयांतल्या 15 टक्के जागा (ऑल इंडिया कोटा) केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, देशपातळीवर भरते, उरलेल्या 85 टक्के राज्याकडे. अनेक जण राज्याचीच यादी तिकडे उतरवतात. बाहेरच्या राज्यांतली महाविद्यालयं उघडून बघतच नाहीत. कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या मुलांना घराजवळचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हवंसं वाटतं, पण महाराष्ट्राच्या मुलाला तिथली वाट ऑल इंडिया कोट्यातूनच आहे.

एमसीसीच्या पहिल्या फेरीत जागा सोडली तर नुकसान नाही. दुसऱ्या फेरीत मिळालेली जागा घेतली नाही तर अनामत जाते. सरकारी कोट्यासाठी ती खुल्या गटाला 10,000 आणि राखीव गटाला 5,000 रुपये आहे, अभिमत विद्यापीठांसाठी 2 लाख. तिसऱ्या फेरीत जागा घेतली की पुढच्या प्रक्रियांचं दार बंद होतं. म्हणून तिसऱ्या फेरीची यादी पहिल्याची नक्कल नसावी. तेव्हापर्यंत राज्यात हातात काय आलंय ते बघून ती नव्यानं लिहावी.

राज्याच्या फेऱ्यांतही असाच एक सापळा आहे. हातात जागा आहे आणि पुढच्या फेरीत अजून चांगलीची वाट बघायची आहे, तेव्हा नव्या यादीत सध्याच्या जागेपेक्षा खालचं एकही नाव लिहू नका. ते मिळालं तर हातातली जागा आपोआप रद्द होते आणि मागता येत नाही. आणि आहे त्यातच समाधान असेल, तर आहे ती जागा कायम ठेवण्याचा स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरा. तो न भरणं म्हणजे पुढच्या फेरीला होकार समजला जातो.

यादी लॉक केल्यावर प्रिंट काढून ठेवा. पुढच्या फेरीपूर्वी काय बदलायचं याची बोलणी त्याच कागदावर, पेननं करा.