मॅन्युअलमधली चित्रं एका मापात कशी आणली

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलचं मॅन्युअल मॅडकॅप फ्लेअरमध्ये (मॅन्युअल लिहायचं सॉफ्टवेअर) माझ्याकडे आलं. एक चित्र वीतभर, दुसरं बोटभर; कुठे जाड काळी चौकट, कुठे चौकटच नाही. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे सगळ्या पानांचं रूप एकाच जागी ठरवणाऱ्या फाइलमध्ये, माप बदललं तरी चित्रं ढिम्म.

कोड उघडल्यावर उलगडा झाला. आधी कोणीतरी चित्रांचे कोपरे माउसने ओढले होते. ते माप चित्राच्या टॅगमध्येच (कोडमधली त्या चित्राची ओळ) लिहिलं जातं आणि मग ते स्टाइलशीटला जुमानत नाही. प्रोजेक्टचा बॅकअप घेतला, सोर्स कोडमध्ये शोधून ती मापं सगळ्या टॉपिकांतून, म्हणजे मॅन्युअलच्या पानांतून, उडवली. हे केल्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

मग स्टाइलशीटमध्ये दोन क्लास, म्हणजे नाव दिलेले नियमांचे गट, केले: एक स्क्रीनशॉटसाठी, एक आयकॉनसाठी. स्क्रीनशॉटला कमाल रुंदी १०० टक्के, उंची ऑटो, १ पिक्सेलची राखाडी चौकट. नुसती 'रुंदी' १०० टक्के दिली तर बारकं चित्र ताणून धुरकट होतं. 'कमाल रुंदी' फक्त मोठ्याला आवरते. बटणांच्या आयकॉनना चौकट नाही, उंची ओळीएवढी. पीडीएफसाठी प्रिंट मीडियममध्ये (स्टाइलशीटमधले छापील पानाचे वेगळे नियम) चौकट थोडी बारीक केली, एवढंच.

एक दुखणं मात्र स्टाइलशीटने जात नाही. स्क्रीनशॉट वेगवेगळ्या रुंदीच्या विंडोतून घेतलेले असले, की चौकटी सारख्या होऊनही आतली अक्षरं एकात ठसठशीत, दुसऱ्यात मुंगीएवढी. ते सगळे विंडोची रुंदी एकच ठेवून नव्याने काढले. पावसात लाइट सारखी जायची, त्यामुळे तेच काम सगळ्यात रेंगाळलं.