जुनी भिंत आणि वाढीव खोली यांच्या सांध्यातली गळती कशी थांबली

ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यातल्या आमच्या जुन्या घराला मागे एक खोली वाढवली. पहिल्याच पावसात नवा स्लॅब जुन्या भिंतीला टेकतो तिथे केसासारखी भेग पडली आणि पाणी थेट आईच्या पलंगावर.

व्हाइट सिमेंट भरलं, वॉटरप्रूफ रंग दोनदा लावला, डांबर ओतलं. भेग परत तिथेच. तीन पावसाळे आई बादलीशेजारी झोपली, याचं फार वाईट वाटायचं.

जुना पाया केव्हाच बसलेला, नवा अजून बसत असतो. म्हणजे सांधा हलणारच, आणि कडक माल तडकणारच.

काम मे महिन्यात, भिंत कोरडी असताना केलं. छिन्नीने भेग १२ मिमी रुंद केली, जुना माल, डांबर पूर्ण काढलं, धूळ ब्रशने झटकली. मग १५ मिमी जाडीचा बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल लवचीक दोरी, आत दाबला, वर ६ मिमी जागा सोडून. रॉड टाळू नका: वर भरायचं सीलंट, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा माल, दोन्ही कडांनाच चिकटायला हवं, तळाला चिकटलं की ताणताना फाटतं. कडांना प्रायमर, तो सुकल्यावर पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही.

सात दिवसांनी वर पत्र्याची पट्टी बसवली. वरची कड जुन्या भिंतीत, स्लॅबपासून सहा इंच वर खाच कापून आत घातली, खाच सीलंटने बंद केली. खालची कड स्लॅबवर मोकळी. तिथे एकही खिळा नाही.

पाइपने दोन तास पाणी सोडून पाहिलं. आत थेंब नाही. नंतरचा अख्खा पावसाळाही कोरडा गेला.